फातिमाबींचा चेहरा, अब्बांचा आवाज

जानेवारीचे पहिले दहा दिवस शिक्षकांच्या मोबाइलवर सावित्रीबाई आणि फातिमाबी यांचे असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, ९ जानेवारीला फातिमा शेख यांची म्हणून साजरी होणारी. पूर्वी या दिवसांत एकच जुना, काळपट पडलेला समूह फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जायचा. मग २०२२ साली ९ जानेवारीला गूगलनं आपल्या पानावर फातिमाबींचं चित्र लावलं, तेव्हा आमच्यासारख्या उर्दू शाळेतल्या शिक्षकांना ईदचा चाँद दिसल्यासारखं झालं. आता ते चित्रही मागं पडलं. आता फातिमाबी पापण्या मिटतात, मान वळवतात, आणि बोलतात.

एआयवर तयार केलेल्या या चित्रफिती वाचकांनीही पाहिल्या असतील. चेहरा गोरापान, डोळ्यांत सुरमा, कानांत झुमके, अंगावर जरीचा दुपट्टा. मागे कमानी आणि एक घुमट. आवाज रेडिओवरच्या निवेदिकेचा, आणि उर्दू अशी शुद्ध की लखनौच्या जुन्या हवेलीत वाढल्यासारखी. त्या सांगतात की मी हिंदुस्तानातली पहिली मुस्लिम शिक्षिका, मला लोकांनी शेण मारलं, पण मी हटले नाही. शेवटी हात जोडून मुलींना शिकवण्याचं आवाहन.

आम्ही चिखलोलीला राहतो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधलं हे गाव. धरणाच्या नावानं आणि एमआयडीसीच्या नावानं लोक ते ओळखायचे, आता होऊ घातलेल्या रेल्वे स्टेशनच्या नावानं ओळखतात. इथं आपली घरं आहेत ती कुणी कोकणातून, कुणी साताऱ्याकडून, कुणी मराठवाड्यातून आलेली. आमची दादी वाई तालुक्यातली. ती आयुष्यभर लुगडं नेसली, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, आणि बोलायची अशी की निम्मं दखनी, निम्मं मराठी. ‘इधर आ गे, भाकरी खाले, मंग जा.’ तिनं घुमट पाहिला तो गावच्या दर्ग्याचा. घरावर तिच्या मंगळुरी कौलंसुद्धा नव्हती, पत्रे होते.

फातिमाबी पुण्याच्या. गंज पेठेतल्या उस्मान शेख यांच्या घरच्या, त्यांची बहीण, असं सांगितलं जातं. १८४९ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा ज्यांनी आसरा दिला ते हे उस्मान शेख. म्हणजे पेठेतल्या माणसांत राहणारं, मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचं सुखदुःख वाटून घेणारं घर. त्या घरातली बाई कशी दिसत असेल याचा अंदाज बांधायचाच झाला, तर आमच्या दादीकडे बघून बांधावा. लखनौच्या बेगमेकडे बघून का?

त्याचं कारण यंत्रात आहे, आणि ते समजून घ्यायला संगणकाचं फार ज्ञान लागत नाही. एआयला फातिमा शेख माहीत नसतात. त्याला इंटरनेटवरची लाखो चित्रं माहीत असतात. ‘जुन्या काळातली मुस्लिम बाई’ असं लिहिलं की त्या लाखो चित्रांत जे सगळ्यात जास्त वेळा आलं आहे ते तो समोर ठेवतो. मुसलमान बाई म्हणून जगानं जास्तीत जास्त काय काढून, रंगवून, पडद्यावर दाखवून ठेवलंय? हिंदी सिनेमातली बेगम. लुगडं नेसणारी, मराठी बोलणारी मुसलमान बाई त्या ढिगात फार थोडी. म्हणून ती येत नाही. तुम्ही तिथले नाहीच, असं सांगणारी माणसं आपल्याला अधूनमधून भेटतातच. आता आपणच आनंदानं पुढे पाठवलेली चित्रफीतही तेच सांगते.

फोटो बोलता करण्याची युक्तीही याच जातीची. ‘मायहेरिटेज’ या वंशावळींचं काम करणाऱ्या कंपनीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये जुने फोटो हलवून दाखवायची सोय काढली. जगभर लोकांनी आपापल्या मरहूम आजी-आजोबांना हसताना पाहिलं आणि रडले. पण ते हसू आजोबांचं नव्हतंच. कंपनीनं दुसऱ्याच माणसांच्या हालचाली आधी चित्रित करून ठेवल्या होत्या, त्या आजोबांच्या चेहऱ्यावर चढवल्या. दातसुद्धा फोटोत दिसत नसले तर यंत्र आपल्या पदरचे बसवतं. त्या वेळी कंपनीनं आवाज मुद्दाम दिला नव्हता, गैरवापर होईल म्हणून. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, पूर्वजांना बोलतं करणारी सोयही तिनं आणली. बाजार एवढाच थांबतो.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे.

आमच्या शाळेत सातवीच्या मुलींना ही चित्रफीत एकीच्या मोबाइलवर मिळाली होती. मधल्या सुट्टीत सात-आठ डोकी एका पडद्यावर वाकलेली. आम्ही जवळ गेलो तर एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, ये तो मेरी खाला जैसी दिखती.’ ती सहसा वर्गात तोंड उघडत नाही. तिची खाला अंगणवाडीत सेविका आहे. इतिहासाच्या पुस्तकात आपल्या मुलींना आपल्या नावाची बाई किती वेळा भेटते? चांदबीबी भेटते, ती अहमदनगरच्या किल्ल्यावर, तलवार घेऊन. रझिया भेटते, ती तख्तावर. राण्या भेटतात. वही-पेन्सिल घेऊन वर्गात उभी असलेली, दुपारी डबा खाणारी, खालासारखी दिसणारी बाई भेटत नाही. त्या मुलीला एका मिनिटासाठी ती भेटली. तिच्यासमोर ‘हे सगळं खोटं आहे’ असं म्हणायला जीभ वळत नाही. जे शिक्षक मोठ्या तोंडानं असं म्हणतात त्यांना पोरींच्या चेहऱ्याकडे बघायची सवय नसावी.

पण मुलींना खोटी खाला देऊन भागेल का, हा प्रश्न राहतोच. आणि फातिमाबींच्या बाबतीत तो फार धारदार आहे, कारण त्यांच्याबद्दल पक्कं म्हणावं असं फार थोडं हाती आहे.

जे आहे ते असं. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी जोतिबांना एक पत्र लिहिलं. त्या आजारी होत्या, माहेरी नायगावला आल्या होत्या. पत्रात त्या आपल्या भावाशी झालेला वाद सांगतात. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्ही दोघं वाळीत पडलात, असं तो म्हणाला, आणि सावित्रीबाईंनी त्याला काय उत्तर दिलं ते पत्रात आहे. पण त्याआधी, प्रकृती सांगता सांगता, त्या फातिमाची आठवण काढतात. आपण तिथं नसल्यामुळे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचं. झालं. पुढे पत्र दुसऱ्या विषयावर जातं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात हे पत्र आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ते छापलं आहे. कुणालाही वाचता येईल.

एवढ्याशा मजकुरात काय आहे, असं एखाद्याला वाटेल. शाळेत नोकरी केलेल्याला वाटणार नाही. एक बाई रजेवर गेली की तिचे तास कुणावर पडतात, हे स्टाफरूममध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आपला वर्ग सांभाळून दुसरा वर्ग, दोन्ही वर्गांतला गोंधळ, दोन्हींच्या वह्या. आणि रजेवर गेलेली बाई घरी पडल्या पडल्या विचार करते की बिचारीला माझ्यामुळे ताण पडला असेल. दोन सहकारी शिक्षिकांमधलं हे नातं आम्ही रोज जगतो. एकशे सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या ओळींत ते जसंच्या तसं आहे. सावित्रीबाईंना तिची काळजी होती आणि तिच्यावर भरवसा होता. मिनिटभराच्या चित्रफितीतल्या सगळ्या भाषणात यातलं काही नाही. तिथं शेण आहे, घोषणा आहे, जोडलेले हात आहेत. दुसरीचे तास घेणारी, कुरकुर न करणारी फातिमा नाही.

बाकीच्या गोष्टींचं तसं नाही. ९ जानेवारी १८३१ या जन्मतारखेला त्या काळातला कागद नाही, असं अभ्यासक सांगतात. जुन्या समूह फोटोतल्या बाईला फातिमा म्हणून ओळखलं गेलं ते अनेक दशकांनी. हे सांगताना आम्हाला बरं वाटत नाही. पण हे आपणच नीट सांगितलं नाही तर दुसरं कुणी वाकडं करून सांगतं, याचा अनुभव जानेवारी २०२५ मध्ये आला. पत्रकार दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की फातिमा शेख नावाची बाई कधी झालीच नाही, हे पात्र मीच रचलं. दोन-तीन दिवस गदारोळ झाला. तेव्हा अभ्यासकांनी काय पुढे केलं? गूगलचं चित्र नाही, फोटोसुद्धा नाही. १८५६ चं ते पत्र पुढे केलं, कारण ते मंडल यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे.

आता विचार करा. त्या दिवसांत समजा आपल्याकडून कुणी ती झुमकेवाली चित्रफीत पुरावा म्हणून पुढे केली असती. समोरच्यानं हसून म्हटलं असतं, बघा, रचलेलंच आहे. जिला कुणी ‘झालीच नाही’ म्हणतं तिचा बनावट चेहरा आपल्याच हातानं तयार करणं म्हणजे त्याच्या हातात काठी देणं. जिथं पुरावा भरपूर आहे तिथं असला खेळ एक वेळ परवडेल. शिवाजी महाराज किंवा बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर कुणी कसलीही चित्रफीत केली तरी ते झालेच नाहीत असं कुणी म्हणणार नाही. फातिमाबींचं तसं नाही. त्यांचा धागा एका पत्राचा आहे. त्या धाग्यावर नकली जर चढवली तर खरा धागा दिसेनासा होतो.

आपल्या घरांत सनद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. हदीस सांगणारा आधी सांगतो की मी अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून, आणि ती साखळी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत कशी जाते. साखळीतली एक कडी कच्ची असली तर मजकूर कितीही सुंदर असला तरी मुहद्दिसांनी तो बाजूला ठेवला. सांगणारी माणसं कशी होती, कुणाची स्मरणशक्ती म्हातारपणी ढासळली होती, कोण कुणाला खरोखर भेटलं होतं, याच्या तपासावर हजारो माणसांच्या चरित्रांचे ग्रंथ उभे राहिले. आपल्या नावावर जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आगीची ताकीद दिली होती. लोक चांगल्या हेतूनंही खोटं रचतात, नेकीकडे ओढायला म्हणून रचतात, हे त्या मुहद्दिसांनी ओळखलं होतं आणि तेही त्यांनी मान्य केलं नाही. एआयच्या फातिमाबी हा तसाच प्रकार वाटतो. हेतू चांगला, सनद नाही.

तसवीर काढावी की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही, आमचा तो अधिकार नाही. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आपण ज्यांच्यावर सगळ्यात जास्त प्रेम करतो त्यांचा चेहरा आपण चौदाशे वर्षं चित्राशिवाय जपला आहे. हिजरतच्या वाटेवर उम्मे माबद (र.) या वाळवंटातल्या तंबूत राहणाऱ्या बाईकडे ते थांबले होते. ते निघून गेल्यावर तिनं आपल्या नवऱ्याला त्यांचं वर्णन करून सांगितलं. ते वर्णन आजही वाचलं जातं. इमाम तिरमिझी यांनी ‘शमाइल’मध्ये अशा रिवायती एकत्र केल्या. केस कसे, चाल कशी, हसणं कसं, बोलताना कसे थांबत, आणि प्रत्येक गोष्टीला सांगणाऱ्याचं नाव. सतराव्या शतकात तुर्कस्तानातल्या हाफिझ उस्मान यांनी हेच वर्णन सुलेखनात मांडून घराच्या भिंतीवर लावण्याजोगी ‘हिल्या’ घडवली. तिथं चेहऱ्याच्या जागी अक्षरं आहेत. म्हणजे चेहरा नसला की माणूस विसरला जातो, हे निदान आपण तरी म्हणू नये.

पुण्यातच दुसरं उदाहरण आहे. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मुलगी. जेमतेम चौदा वर्षांची असताना तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’त छापून आला. तिचा फोटो नाही. पण ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीच बंदी त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आणि पावसाथंडीत उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांविषयीचा तिचा कळवळा शब्दाशब्दानं उरला आहे. यंत्रानं बोलतं करायची गरज नाही. ती बोलतेच आहे, कुणी मोठ्यानं वाचायचा अवकाश. आम्ही यंदा तेच केलं. ज्या मुलीला खाला दिसली होती तिनंच निबंध वाचला. मराठी तिची दुसरी भाषा, जुनी मराठी आणखी अवघड, चार ठिकाणी अडखळली. मग सावित्रीबाईंचं पत्र दुसरीनं वाचलं. कार्यक्रमाला आलेल्या एका पालकांनी नंतर विचारलं, बोलणारा व्हिडिओ का नाही लावला, मुलांना मजा आली असती. आली असती, हे खरंच.

भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. मुलींची पहिली शाळा जिथं भरली ती जागा, आता तिथं राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. स्मारक म्हटलं की हल्ली पडदे आले, आवाज आला, चालतीबोलती माणसं आली. तिथं फातिमाबींना बोलताना दाखवा अशी मागणी उद्या आपल्यातूनच उठेल, आणि ती प्रेमापोटीच उठेल. आम्हाला वाटतं, तिथं ते पत्र मोठ्या अक्षरात लावावं. उर्दूतही लावावं. आणि बाईंच्या चेहऱ्याची जागा तशीच राहू द्यावी. सिनेमाची गोष्ट निराळी. ‘फुले’ या २०२५ मधल्या चित्रपटात फातिमाबींचं पात्र आहे, पण ती नटी आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, पडद्यावर तिचं नावही येतं. यंत्राच्या चित्रफितीत नट कुठे आहे?

या तंत्राला सरसकट शिव्या घालाव्यात असं आमचं म्हणणं नाही. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन मरहूम गायकांचा आवाज एआयनं वापरला, पण आधी घरच्यांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. अमेरिकेत हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू वृद्धांना शोआ फाउंडेशननं हयातीतच कॅमेऱ्यापुढे बसवून शेकडो प्रश्न विचारले. पिंकस गटर हे त्यातले एक. आज संग्रहालयात एखाद्या मुलानं प्रश्न विचारला की यंत्र त्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांतून योग्य ते शोधून लावतं. शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, इच्छा त्यांची. उलट १६ एप्रिल २०२५ ला नाशिकला शिवसेना (उद्धव ठाकरे) पक्षाच्या मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात आजच्या राजकारणावर भाषण ऐकवलं गेलं. त्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. पक्ष कुठलाही असो, माणूस गेल्यावर त्याच्या तोंडी नवं मत घालायचं का, हा प्रश्न उरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वारसांनी हरकत घेतली, तेव्हा ओपनएआय कंपनीलाही ‘सोरा’वर त्यांच्या चित्रफिती बनवणं थांबवावं लागलं. किंग यांना वारस आहेत म्हणून हरकत तरी घेता आली. फातिमाबींच्या वतीनं कोण घेणार?

हा प्रश्न गेल्या वर्षी घरातच आला. आमचे अब्बा अंबरनाथच्या विमकोत होते, काडेपेटीच्या कारखान्यात. तीन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. भाचीचा निकाह ठरला तेव्हा पुण्याला आयटीत असलेला भतीजा म्हणाला, व्हॉट्सअॅपवर दादांच्या व्हॉइस नोट आहेत, एवढ्यावर आवाज तयार होतो, फोटो आहेच. निकाहच्या दिवशी पडद्यावर दादा दुल्हनला दुआ देतील. त्यानं नमुना करूनही आणला होता. वीस सेकंदांचा. आवाज इतका जवळचा की बहिणीनं पदर तोंडाला लावला. अम्मी मात्र शांत होत्या. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं, नीट ऐकलं, आणि विचारलं, ‘दुआ तो हुई बेटा, पर मांगी किसने?’

भतीज्याकडे उत्तर नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. माणूस गेला की त्याचा अमल थांबतो, तीन गोष्टी तेवढ्या चालू राहतात, आणि त्यातली एक म्हणजे मागे राहिलेल्या नेक औलादीची दुआ, ही हदीस घरात सगळ्यांना पाठ. दुआ आपण त्यांच्यासाठी मागायची. इथं उलटंच होत होतं. बहीण म्हणाली, ऐकून बरं तर वाटलं ना? हो, वाटलं. त्यावर वाद झाला, दोन दिवस चालला, आणि शेवटी अम्मींचा शब्द राहिला. त्याऐवजी भतीज्यानं खऱ्या व्हॉइस नोट काढल्या. अकरा निघाल्या. प्रत्येकीवर तारीख घातली, कुणाला पाठवली होती ते लिहिलं. एकीत अब्बा औषधाचं नाव विचारतात. एकीत मागे अजान सुरू होते म्हणून ते अर्ध्यावर थांबतात. एक जूनमधली आहे, बदलापूरला जांभळं उतरली का बघ, महाग असली तरी अर्धा किलो आण. दुआ एकातही नाही. अब्बा फोनवर दुआ देणाऱ्यांतले नव्हतेच. डोक्यावर हात ठेवायचे, तोंडानं काही म्हणायचे नाहीत. भतीज्याच्या वीस सेकंदांत नेमकं हेच सुटलं होतं.

तेव्हापासून शाळेत आठवी-नववीच्या मुलींना आम्ही एक काम दिलंय. हयात असलेल्या वडीलधाऱ्या बाईला बसवायचं आणि ती शाळेत गेली का, गेली नसेल तर का नाही, एवढंच विचारायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि सोबत एक कार्ड भरायचं. बोलणाऱ्याचं नाव, विचारणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, आणि हे कुणी ऐकलेलं चालेल. हा शेवटचा रकाना अम्मींच्या त्या प्रश्नामुळे आला. एका नानीनं त्यात लिहायला लावलं की फक्त घरातल्या बायकांनी ऐकावं. दुसरीनं सांगितलं, माझ्यामागे पुसून टाका. दोन्ही आम्ही तसंच मानतो. दुसरीचं बोलणं सगळ्यात चांगलं आहे, म्हणून ते जास्त जड जातं.

बहुतेकींनी सांगितलं ते साधंच. धाकटा भाऊ सांभाळायला घरी राहिले. मौलवीसाहेबांकडे कुरआन पूर्ण झालं, मग कुणी शाळेचं नाव काढलं नाही. महाडकडच्या एका नानीला पंचावन्नाव्या वर्षी नातीनं सही शिकवली. बँकेत पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी ती लोकलनं अंबरनाथच्या पुढे बदलापूरपर्यंत गेली, उतरायचं भानच राहिलं नाही. आता ती हे सांगताना नात मध्येच हसते, तेही रेकॉर्डमध्ये आहे.

एकीनं घरातल्या बाईऐवजी शेजारीण निवडली. ती मुलगी उल्हासनगरला राहते, शेजारी सिंधी कुटुंब. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांच्या छावणीतूनच ते शहर उभं राहिलं. त्या घरातल्या आंटी नव्वदीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडे वडिलांची एक वही आहे, सिंधी भाषेत, अरबी वळणाच्या लिपीत. आंटींना आता डोळ्यांनी दिसत नाही आणि नातवंडांना ती लिपी येत नाही. आमच्या मुलीला उर्दू येते. सिंधीत अक्षरं जास्त, काहींवर चार-चार नुक्ते, तिथं ती अडते. मग ती अक्षराचा आकार तोंडी सांगते, आंटी आवाज सांगतात, आणि शब्द पूर्ण होतो. वही निघाली सामानाच्या यादीची. बोटीवर काय चढवलं आणि काय मागे ठेवलं ते. देगची दोन, पलंग नाही, रजया चार. चौथ्या पानावर मुलीचे बूट असं आलं, तेव्हा आंटी म्हणाल्या, ते माझे, काळे होते. वहीची अजून सहा पानं उरली आहेत, ती रविवारी वाचायची ठरली आहेत.